शब्द द्यायचा नाही

सोमवार, ३

ही वही तक्रारींसाठी घेतली आहे. घरात कुरकुर केली की बायको म्हणते, लिहून ठेवा, म्हणजे विसरणार नाही. टोमणा होता, पण मी वही आणली.

वाचनं संपली, आजपासून तालीम उभी राहिली. नाटक तीनशे वर्षांपूर्वीचं. आजूबाजूच्या गावांत साथ आली म्हणून राजा हुकूम काढतो, की सूर्य मावळला की वेशीचं दार बंद, मग बाहेर कुणी का असेना. बाहेर राहते त्याचीच मुलगी. सकाळी दार उघडतात तर ती उंबऱ्याशी पडलेली. तिला आणून रंगमंचाच्या मधोमध ठेवतात, राजा अडतीस ओळी शोक करतो आणि मग राणी एकच वाक्य बोलते, "दार कुणी लावलं?" तिसऱ्या अंकाचा पडदा. जुन्या प्रतीत 'द्वार कोणी लाविले' असं आहे, दिग्दर्शकानं ते सोपं केलं. त्याचं चुकलं नाही, पण मला न विचारता केलं.

राजा म्हणजे आमचे महाराज. गेली वीस वर्षं त्यांना दुसरं काम कुणी दिलं नाही, त्यामुळे खरं नाव त्यांनाही आठवत असेल की नाही कोण जाणे. राणीचं काम बाईंकडे. मेलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी सगळे 'मयत' म्हणायला लागले आणि ती पोरगी ओ देते. दिग्दर्शक वयानं माझ्या पुतण्याएवढा, मला काका म्हणतो. मी विंगेत, खुर्चीवर, मांडीवर प्रत. एकतीस वर्षं प्रॉम्प्टर आहे, नट अडला की पुढचा शब्द हळूच द्यायचा. त्याआधी छापखान्यात मुद्रितं तपासली. शब्द गळलेला दिसला की माझे हात अजून शिवशिवतात.

आज बाईंना त्या एका वाक्यासाठी मला दोनदा शब्द द्यावा लागला. अडतीस ओळींचा माणूस अडत नाही आणि एका ओळीची बाई अडते.

मंगळवार, ४

आज पुन्हा. महाराज थांबले, बाई प्रेताकडे बघत बसल्या, बसल्याच. मी हळूच म्हणालो, "दार कुणी..." बाई मान न वळवता म्हणाल्या, "मला माहीत आहे दार कुणी." मयत फसकन हसली. प्रेतच हसल्यावर तालीम कसली.

विंगेतला दिवा बारीक आहे, अक्षरं फुटतात. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, ती महिनाभर म्हणते आहे की येऊन नंबर तपासून घ्या. वेळ कुठे आहे.

गुरुवार, ६

दिग्दर्शकानं बाजूला घेतलं. म्हणाला, काका, बाई विसरत नाहीयेत, थांबताहेत. मी त्याला प्रत दाखवली. महाराजांच्या शेवटच्या ओळीनंतर पूर्णविराम, पुढच्या ओळीला राणीचं वाक्य. मध्ये काही नाही. थांबा असं कुठं छापलंय? तो नुसता हसला. शिकलेल्या पोरांचं हे हसणं डोक्यात जातं.

मग बाईंनाच विचारलं, किती थांबणार ते तरी सांगा, म्हणजे मी तेवढं मोजीन. म्हणाल्या, ते मला तिथं गेल्यावर कळतं. मग मला कसं कळायचं? विसरलेला माणूस आणि थांबलेला माणूस बाहेरून सारखाच दिसतो. दोघांचं तोंड अर्धं उघडं, दोघांची नजर हरवलेली. मी तोडगा काढला की विसरलात तर करंगळी वर करा. बाई म्हणाल्या, भर शोकात करंगळी वर केली तर लोकांना भलतंच वाटेल. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण प्रश्न सुटलेला नाही.

रविवार, ९

वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यातली बाई ओळख करून घ्यायला आली. बोलकी आहे, दोन मिनिटांत तिच्या तिन्ही मुलांची नावं आणि खोड्या पाठ झाल्या. मग हिला विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

हिला या प्रश्नाला नेहमी वेळ लागतो. ओठ उघडते आणि तशीच राहते. समोरच्याला अवघडल्यासारखं होतं. म्हणून हे उत्तर वर्षानुवर्षं मीच देतो. "नाही, आम्ही दोघंच," मी म्हणालो. ती बाई लगेच दुसऱ्या विषयावर गेली, काही अवघड झालं नाही.

ही चहा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. चहा आला तर बिनसाखरेचा. पाहुणी बिचारी मुकाट्यानं प्यायली. नंतर हिला विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही. काही नाही म्हटल्यावर मी पुढं काय विचारणार.

बुधवार, १२

आज हिच्यापुढं बाईंचं रडगाणं गायलो. ही भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, तिसऱ्या-चौथ्या ओळीला अडतं. कधी कधी खूप वेळ अडतं. मी अक्षर सांगत नाही."

मी म्हणालो, का बरं, तेवढीच मदत.

"सांगितलं तर नंबर चुकतो."

हे खरं असेल, पण चष्मा वेगळा आणि नाटक वेगळं. दुकानात हजार माणसं अंधारात बसून वाट बघत नसतात. तसं मी बोललोही. ही म्हणाली, हो, वेगळं आहे, आणि देठं उचलून आत गेली.

शनिवार, १५

आज स्फोट झाला. ठरवून मनात आठपर्यंत मोजलं. आठ म्हणजे पुष्कळ होतात, करून बघावं कुणीही. बाई गप्प. महाराजांचा श्वास ऐकू येत होता. दिला शब्द.

बाई उठल्या, मयतीच्या अंगावरची चादर नीट केली, खाली उतरल्या आणि दिग्दर्शकाला म्हणाल्या, "एक तर ती खुर्ची राहील, नाही तर मी." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिग्दर्शक मला गोड आवाजात म्हणाला, की हल्ली बहुतेक ठिकाणी प्रॉम्प्टर ठेवतच नाहीत. तुम्ही आहात म्हणून आहात. पुढच्या शनिवारी पहिला प्रयोग आहे. त्या जागी पुन्हा शब्द आला तर विंगेतली खुर्ची उचलावी लागेल. म्हणजे एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांची अब्रू झाकली, त्याला आता गप्प बसण्याची परीक्षा. माझ्या शब्दावर तरून गेलेले नट मोजायला बसलो तर ही वही पुरणार नाही, आणि त्यातल्या एकानंही कधी प्रेक्षकांसमोर माझं नाव घेतलेलं नाही. घ्यायचं नसतंच. पण निदान हाकलू तरी नका.

सोमवार, १७

बाई स्वतःहून आल्या. मी तोंड फुगवून प्रतीला कव्हर घालत बसलो होतो. शेजारी स्टूल ओढून बसल्या.

"भाऊ, राणीला माहीत आहे दार कुणी लावलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या शहराला माहीत आहे. तिला विचारायला वेळ लागतो, कारण विचारल्यावरही तिला त्याच माणसाबरोबर राहायचंय. तुम्ही मध्ये शब्द देता तेव्हा त्याला सोडवता."

मी म्हटलं, महाराजांना मी कशाला सोडवू? मी तुम्हाला सोडवतो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरलोय. मग खांद्यावर थोपटून गेल्या. नट मंडळींना कोड्यात बोलल्याशिवाय मोठं झाल्यासारखं वाटत नाही.

जेवताना हिला हे गंमत म्हणून सांगितलं. हिनं घास खाली ठेवला. म्हणाली, "मग राहते का ती त्याच्याबरोबर?" मी म्हणालो, कोण जाणे, पुढच्या अंकात राणीला काम नाही. हिनं बराच वेळ भातात बोटं फिरवली आणि म्हणाली, शनिवारचा पास आणा.

चकितच झालो. दहा-बारा वर्षांत ही नाटकाला फिरकलेली नाही. विंगेतला नवरा दिसत नाही, मग यायचं कशाला, असं म्हणायची.

गुरुवार, २०

रंगीत तालीम. सकाळपासून सगळ्यांच्या नाकी नऊ. महाराजांचा मुकुट डोळ्यांवर येतो. मयतीला चादरीच्या धुळीनं शिंका येतात, त्या दाबल्या की प्रेत हादरतं.

नको ते माझ्या हातून झालं. लिहायचं नव्हतं, पण न लिहून डोक्यातून जाईना.

मुलीला फळीवरून आणतात तेव्हा चादर तोंडापर्यंत ओढलेली असते. दिग्दर्शकाला तिथं काही नवीन सुचलं. तो खालून बाईंना म्हणाला, "चादर काढून बघायचंय का?" बाई विचार करत होत्या. आणि मी विंगेतून म्हणालो, "नको."

मोठ्यानं. प्रॉम्प्टरच्या आवाजात नाही, माझ्या आवाजात. सगळे माझ्याकडे बघायला लागले. महाराजसुद्धा मुकुट वर करून. दिग्दर्शक म्हणाला, काका, मी बाईंना विचारतोय. मी काहीतरी पुटपुटलो की प्रतीत तसं नाही. प्रतीत चादरच नाही, तर तसं आणि असं काय असणार.

बसनं येताना मागचं सगळं वर आलं. सव्वीस वर्षं झाली. दवाखान्यात ही पडून होती. नर्स गुंडाळलेलं घेऊन उभी होती, तिनं विचारलं, "बघायचंय का?" ही काही बोलेना. नर्स खोळंबलेली, बाहेर डॉक्टरांचा गलका. मी म्हणालो, नको. हिच्या भल्यासाठीच म्हणालो. आधीच अंगात रक्त नव्हतं, त्यात हे कशाला. ही घरी यायच्या आत मी पाळणा आणि सगळं आवरून टाकलं, काही दिसायला नको म्हणून. तेव्हा सगळ्यांनी म्हटलं की नवरा मोठा धीराचा. त्यानंतर आमच्यात हा विषय निघाला नाही. निघू दिला नाही म्हणा.

मी पाहिली होती. कुणीतरी पाहून सही करायची होती. मुलगी होती.

याचा नाटकाशी काही संबंध नाही. माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं, एवढंच. परवा प्रयोग आहे आणि मी हे लिहीत बसलोय, वेड लागायची पाळी आली.

शनिवार, २२

प्रयोग झाला.

ही सातव्या रांगेत कडेला होती. विंगेच्या फटीतून मला तिचा खांदा आणि अर्धा चेहरा दिसत होता. एवढ्या वर्षांत आज कळलं की विंगेतून प्रेक्षकातला माणूस दिसतो, फक्त बघायला हवं.

तिसरा अंक. महाराजांनी अडतीस ओळी सुरेख म्हटल्या. संपल्या. बाई बसलेल्या. शांतता. मी मोजायला लागलो, बारापर्यंत मोजलं आणि आकडे सुटले. प्रेक्षागृहात कुणी खोकेना. बाईंचं तोंड अर्धं उघडं. माझ्या जिभेच्या टोकावर 'दार' शब्द असा बसला होता की पडेल असं वाटलं. मी प्रत उलटी करून मांडीवर दाबून धरली आणि तोंडात रुमालाचा बोळा घातला. अक्षरशः. फटीतून पाहिलं तर ही खुर्चीत पुढं सरकून बसली होती, दोन्ही हात समोरच्या खुर्चीच्या पाठीवर.

मग बाईंनी महाराजांकडे पाहिलं आणि विचारलं. अगदी हळू. पडदा पडला तरी टाळी यायला वेळ लागला, आणि आली ती थांबेना.

बाई सरळ माझ्याकडे आल्या. घामानं निथळत होत्या. कानाशी येऊन म्हणाल्या, "शब्द का नाही दिलात? मी खरंच विसरले होते."

म्हटलं, मग आठवलं कसं?

"आठवलं नाही. महाराजांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं."

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आला आणि मला मिठी मारून म्हणाला, काका, काय थांबलात. खुर्ची राहिली.

घरी आलो. दारात चपला काढताना हिनं एवढंच विचारलं, "तिथं तुम्ही शब्द दिला नाहीत ना?" नाही म्हणालो. ती आत गेली.

सोमवार, २४

आनंद व्हायला हवा, चिडचिडच होते आहे. एकतीस वर्षं काम केलं त्याचं कौतुक नाही आणि जिथं हातावर हात ठेवून बसलो तिथं शाबासकी. त्यात सगळ्यात वाईट हे की ज्या दिवशी शब्द द्यायला हवा होता त्या दिवशी दिला नाही, आणि तेच बरोबर ठरलं. मग आधीचे सगळे दिवस? किती वेळा दिला असेन उगाच? कोण सांगणार? विसरलेला आणि थांबलेला यांतला फरक मला आजही कळत नाही. मी आपला दोघांनाही शब्द देत आलो.

हिला म्हटलं, बुधवारी दुकानात येतो, नंबर बघ. हिनं वर पाहिलं. म्हणाली, दुपारी या, गर्दी नसते.

बुधवार, २६

दुकानाचे मालक जेवायला गेले होते. हिनं मला मागच्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं. नाकावर ती जड चौकट ठेवली, डाव्या डोळ्यावर झाकण. समोर पांढरा फलक, वर एकच मोठं अक्षर, खाली ओळी बारीक होत गेलेल्या. हिचा दुकानातला आवाज घरातल्यापेक्षा निराळा आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

तीन ओळी धडाधड वाचल्या. चौथीला अडलो. 'घ' आहे की 'ध', उमजेना. म्हटलं, 'घ' ना? हिनं हूं की चूं केलं नाही. काच हातात घेऊन उभी. मला रागच आला. परक्यांचं ठीक आहे, घरच्या माणसाला एक अक्षर सांगितलं तर काय बिघडणार आहे? त्या रागातच तोंडातून निघून गेलं.

"तेव्हा नर्सनं तुला विचारलं होतं. मला नाही."

ही काच पुसत होती, ती थांबली.

माझा एक डोळा झाकलेला, दुसऱ्याला धूसर. तिचा चेहरा दिसत नव्हता. जिभेवर भराभर वाक्यं आली. तू अशक्त होतीस. डॉक्टरही तेच म्हणाले असते. तुला त्रास नको म्हणून. शब्दांना मला कधी तोटा नव्हता. सगळे तोंडात धरून बसलो. मोजलं नाही. बाहेर कुणीतरी काउंटरवरची घंटी वाजवली, पुन्हा एकदा वाजवली आणि निघून गेलं.

"हो म्हणणार होते मी," ही म्हणाली. "उठून बसत होते. टाके होते ना, उठायला वेळ लागत होता."

मी चौकट काढायला हात वर केला. हिनं तो धरून खाली ठेवला.

"तुम्ही पाहिलीत ना तिला?"

मान हलवली. ती जड चौकट नाकावर हलली.

"कशी होती?"

सव्वीस वर्षं हे कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ओठ उघडले आणि तसाच राहिलो. ही समोर उभी होती, काच हातात. तिनं घाई केली नाही. शब्द दिला नाही.

मग सांगायला लागलो. केसांपासून सुरुवात केली.